प्लॉटात मडकी पुरा

मागच्या अंकात आम्ही दाव्यांविषयी लिहिलं होतं. अपील कसं करायचं, कोणता कागद कुठे जोडायचा, तालुक्याच्या गावाला किती खेपा होतात, सगळं. या अंकात मडक्यांवर लिहितो आहोत. काही साथी हसतील. म्हणतील, जमिनीची लढाई चाललीय आणि ही पोरं मडकी घेऊन बसली. हसून घ्या, पण शेवटपर्यंत वाचा.

२०१९ साली २९ एप्रिलला मतदान झालं. त्याआधीचे पंधरा दिवस पाड्यापाड्यावर जीपा फिरत होत्या. सगळ्या रंगांचे झेंडे आले आणि सगळेच पाण्यावर बोलले. जीप गेली, धुरळा बसला आणि बाया हंडे घेऊन झिऱ्याकडे निघाल्या. झिऱ्यात वाटीनं पाणी उपसून हंडा भरायचा. एक हंडा भरला की पुन्हा पाणी साचेपर्यंत बसून राहायचं. रात्री दोनला नंबर लावायला जाणाऱ्या बाया आहेत. सुरगाणा तालुका नाशिक जिल्ह्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या तालुक्यांपैकी एक आहे, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो विश्वास ठेवत नाही. जूनपासून चार महिने छपरातून, भिंतीतून, चुलीतून पाणी. ते सगळं नार आणि पार या नद्यांतून उतरून गुजरातमधून समुद्राला जातं. ते अडवून गिरणेला न्यायचं की तापीला न्यायचं यावर मोठमोठे नकाशे निघतात. ज्या डोंगरावर हे पाणी पडतं त्या डोंगरावरच्या पाड्याचं नाव त्या नकाशात शोधून पाहा.

तर आता झाडांकडे येतो.

आपल्या बहुतेक प्लॉटधारकांनी कधी ना कधी कलमं लावलेली आहेत. कुणी बाजारातून आणली, कुणाला योजनेत मिळाली, कुणी वाटपात रांगेत उभं राहून घेतली. केशर, राजापुरी, काजू. मृगात खड्डा, आषाढात रोप, आणि दिवाळीपर्यंत ते असं तरारून येतं की वाटावं, आता काही काळजी नाही. मग नागली-वरई खळ्यात येते, थंडी पडते, आणि माणसं जगायला निघतात. दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या द्राक्षबागांत. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. होळीला घरी येऊन पाहावं तर प्लॉटात काड्या उभ्या. आम्ही आमच्या पाड्यावर हिशोब केला. गेल्या पाच-सहा वर्षांत लावलेल्या कलमांपैकी उन्हाळा पाहिलेली फारच थोडी निघाली. रोप पावसात मरत नाही, रोप फाल्गुन-चैत्रात मरतं. आणि ते मेलं की पुढच्या वर्षी तोच माणूस पुन्हा रोपाच्या रांगेत उभा असतो.

सरकारनं २०१९ च्या पावसाळ्यात ३३ कोटी झाडं लावायचं ठरवलं होतं. लावण्याचा आकडा तेव्हा दरवर्षी वाढत होता. कोणत्या मे महिन्यात किती जिवंत होती, याचा बोर्ड आम्ही अजून कुठे पाहिला नाही.

आम्ही सात-आठ जण आहोत. कुणी बारावी झालेलं, कुणी दहावीला बसून राहिलेलं. मागच्या दोन उन्हाळ्यांत आम्ही चार घरांच्या प्लॉटात मडकी पुरून झाडं जगवली. त्याचा हा अनुभव आहे.

गोष्ट साधी आहे. माठात पाणी गार का होतं? मातीच्या भिंतीतून ते बारीक बारीक पाझरतं, बाहेरून घाम आल्यासारखं दिसतं, आणि वाऱ्यानं सुकताना आतलं पाणी गार होतं. तोच माठ गळ्यापर्यंत जमिनीत पुरला तर घाम वाऱ्याला जाण्याऐवजी मातीला जातो. भोवतीची माती कोरडी असेल तर ती पाणी ओढून घेते. माती ओली झाली की ओढ कमी होते, पाझर मंदावतो. पुन्हा सुकली की पुन्हा ओढते. म्हणजे झाडाला तहान लागेल तसं पाणी मिळतं. वर ओतलेलं पाणी आपल्या मुरमाड जमिनीत अर्धं उन्हाला जातं, अर्धं खाली निसटतं. इथे ते मुळापाशीच राहतं. गेल्या वर्षी गुराच्या खुरानं एक मडकं फुटलं म्हणून आम्ही ते उकरून काढलं. कलमाच्या पांढऱ्या मुळांनी मडक्याला सगळीकडून जाळीसारखं धरलं होतं, आईच्या कमरेला पोरानं धरावं तसं. ज्यांना या कामावर विश्वास नव्हता अशा दोघांना ते दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या बाजाराला दोघांच्या डोक्यावर मडकी होती.

हे आमचं डोकं नाही. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी फान शेंग-ची नावाच्या माणसाच्या शेतीच्या पुस्तकात मडकं पुरून भोवती भोपळ्याच्या जातीचे वेल लावायची रीत सांगितलेली आहे. आपल्या देशात हरियाणातल्या कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत १९७० नंतर यावर प्रयोग झाले, खारवट जमिनीत, मडक्यांभोवती भाजीपाला घेऊन. आणि अगदी शेजारी, आपल्या हद्दीपलीकडे गुजरातच्या वांसदा तालुक्यात, १९८२ पासून बायफ संस्थेनं आदिवासी कुटुंबांना एकेक एकराची आंब्या-काजूची वाडी उभी करून दिली. अशा वाड्यांत पहिल्या उन्हाळ्यांत रोपं जगवायला मडकी वापरली जातात. आपल्या संघटनेत संस्थावाल्यांविषयी राग आहे, तो आम्हालाही आहे. संस्था येते, बोर्ड लावते, फोटो काढते, आणि जमीन कुणाची हा प्रश्न विचारला की चहा मागवते. पण बोर्ड त्यांचा असला तरी मडकं कुंभाराचं आहे. चांगली रीत कुणाच्या मालकीची नसते.

आता आम्ही कुठे चुकलो ते आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्या वर्षी आम्ही बाजारातून छान गुळगुळीत, बाहेरून रंग दिलेली मडकी आणली. रंगानं भोकं बुजलेली. आठ दिवस झाले तरी पाणी तिथल्या तिथे. मडकं घेताना त्यात पाणी भरून रात्रभर कोरड्या मातीवर ठेवा. सकाळी बाहेरून ओलसर लागलं पाहिजे आणि खाली डबकं होता कामा नये. डबकं झालं तर चिरलेलं आहे, अजिबात ओल आली नाही तर बिनकामाचं आहे. नवं मडकं घ्यायलाच पाहिजे असं नाही. कुंभाराकडे काठ फुटलेली, तोंड वाकडी झालेली पडून असतात, तो अर्ध्या पैशात देतो, कधी तशीच देतो. घरातला जुना माठ वापरायचा तर एक लक्षात ठेवा: जो माठ आता पाणी गार करत नाही तो झाडालाही देणार नाही. त्याची भोकं क्षारानं बसलेली असतात. विटेच्या तुकड्यानं आतून-बाहेरून घासून पाहा, थोडा फरक पडतो.

आमच्यातल्या एकानं कपडे धुतलेलं पाणी भरलं. पाणी वाचेल म्हणून. साबणानं मडकं महिनाभरात मुकं झालं. भांड्यांचं राखेचं पाणीही फडक्यातून गाळल्याशिवाय नको. दुसऱ्यानं मडक्याचं तोंड जमिनीला सपाट ठेवलं, पहिल्याच पावसात ते गाळानं भरलं. तोंड दोन बोटं वर ठेवा आणि वर खापरी नाहीतर चपटा दगड ठेवा. झाकलं नाही तर पाणी उडतं, डास होतात, बेडूक पडतात, आणि पोरं त्यात काय काय टाकतात ते लिहायला नको.

मडकं पुरायची वेळ म्हणजे रोप लावतानाच. उन्हाळ्यात पुरायला गेलात तर मुळं तोडाल. रोपापासून एक वीत अंतर ठेवा. उतार असेल, आणि आपल्याकडे उतार नाही असा प्लॉट आम्हाला दाखवा, तर मडकं वरच्या अंगाला. भोवती दगडगोटे काढून बारीक माती दाबून भरा. मडक्याची भिंत आणि माती यांच्यात पोकळी राहिली तर पाझर नीट मातीत जात नाही. पावसाळाभर ते रिकामंच राहू द्या, तोंड झाकून. दिवाळीनंतर जमीन कोरडी पडू लागली की भरायला सुरुवात. काही लोक बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात घालतात. त्यानं पाणी लवकर जातं. भिंत जाड असलेल्या मडक्याला ते चालेल, पातळ मडक्याला नको. रोपाभोवती पालापाचोळा टाका. आणि सगळ्यात मोठं काम कुंपणाचं. होळीनंतर गुरं मोकळी सुटतात, आणि अख्ख्या रानात हिरवं दिसतं ते तुमचं एक रोप. करवंदीच्या काट्याचं कूड घातलं नाही तर मडकं, पाणी, मेहनत, सगळं कुणाच्या तरी बैलाच्या पोटात.

पाण्याचा हिशोब असा. वीस झाडं, प्रत्येकाला पाच लिटरचं मडकं, एक भराई म्हणजे शंभर लिटर, आपले सात हंडे. थंडीत आठवड्याला एकदा पुरतं. चैत्रात चौथ्या दिवशी भरावं लागतं. पूर्वी आम्ही आळं करून ओतायचो तेव्हा दोन झाडांना एक हंडा, एक दिवसाआड. वीस झाडांना दहा हंडे, चार दिवसांत वीस हंडे, आणि तरी झाडं मान टाकायची. आता चार दिवसांत सात. गेल्या उन्हाळ्यात एका प्लॉटात वीसपैकी चौदा जगली, दुसऱ्यात अकरा. सगळी जगली असं आम्ही सांगणार नाही.

या सात हंड्यांवरून आमच्या पाड्यात जी बैठक झाली ती सांगायलाच पाहिजे, कारण ती झाली नसती तर हा लेख आम्ही खोटा लिहिला असता.

आम्ही मोठ्या उत्साहात मांडणी केली. मडकं, पाझर, मुळं, चीन, सगळं. पुरुष मंडळी माना हलवत होती. मागे भिंतीला टेकून बसलेली एक काकी म्हणाली, "पानी कोन आनील?" सगळे गप्प. ती पुढे म्हणाली, घरात पाच माणसं, दोन बैल, एक गाय. सहा खेपा आत्ताच होतात. तुम्ही कागदावर सात हंडे लिहिलेत, ते कागद कुणाच्या डोक्यावर ठेवणार? आमच्यातल्या एकीच्या आईनं लगेच जोड दिली, की पोरगी तालुक्याला शिकायला होती तोवर बरं होतं, आता आली तर माझ्या डोक्यावर झाडंही आणली. हशा झाला, पण आमच्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही हिशोब लिटरचा केला होता, खेपांचा केला नव्हता. झिऱ्यापासून प्लॉटापर्यंतची चढण कुणाच्या मानेवर पडते हे आमच्या वहीत नव्हतं.

त्या दिवशी बैठक तशीच मोडली. आठ दिवसांनी पुन्हा बसलो आणि बायांनीच दोन गोष्टी ठरवल्या. एक, पहिलं मडकं घराजवळ, मोरीच्या खालच्या अंगाला, भाजीसाठी. एका मडक्याभोवती चार वेल बसतात, दोडका, कारलं, काकडी, भोपळा. फाल्गुनात जेव्हा नागलीच्या भाकरीबरोबर मिरचीशिवाय काही नसतं तेव्हा घरात भाजी असेल तर तेवढी खेप करायला बाई तयार आहे. दोन, प्लॉटातल्या झाडांचं पाणी गड्यांनी आणायचं. कावडीनं आणा, सायकलला डबे बांधून आणा, कसंही आणा, पण ते पाणी बाईच्या खेपांत मोजायचं नाही. एक म्हातारे बाबा पुटपुटले की गड्यानं पाणी भरलेलं कधी पाहिलं नाही. तेव्हा आमच्यातली एक उठली आणि तिनं वनहक्क कायद्याचं कलम ४(४) वाचून दाखवलं. लग्न झालेल्या दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो. ती म्हणाली, बाबा, जमीन दोघांच्या नावावर मागतोय ना, मग पाणी एकीच्याच डोक्यावर का? बाबांनी विडी पेटवली. यंदा त्यांच्या नातवानं बारा झाडांना पाणी घातलं. रोज नाही घातलं, हेही लिहितो. द्राक्षाच्या छाटणीला गेला तेव्हा त्याची बहीणच घालत होती. म्हणजे ठराव झाला म्हणून गोष्ट झाली असं समजू नका.

दुसरा आक्षेप याहून अवघड होता आणि तो कायद्याचा होता.

२०१८ साली ६ मार्चला आपण नाशिकहून निघालो आणि १२ तारखेला मुंबईत आझाद मैदानावर होतो. दहावीच्या पोरांना पेपराला अडचण नको म्हणून शेवटच्या रात्री झोपेशिवाय चाललो. पायाची सालं निघाली. सहा महिन्यांत दावे निकाली काढू असं लेखी घेऊन आलो. २०१९ च्या मे महिन्यात त्याला चौदा महिने झाले होते. मध्ये २०१९ साली १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा हुकूम आला की ज्यांचे दावे नामंजूर झाले त्यांना काढा. पाड्यापाड्यावर दोन आठवडे कुणाला झोप नव्हती. २८ फेब्रुवारीला न्यायालयानं आपल्याच हुकमाला स्थगिती दिली. ती स्थगिती होती, निकाल नव्हता, हे विसरू नका. आमच्यातल्या एकाच्या घरचा दावा "पुरावा अपुरा" एवढ्या दोन शब्दांवर परत आलेला आहे. आजोबांनी फोडलेले दगड बांधावर अजून आहेत. ते दगड पाहायला कुणी आलंच नव्हतं.

अशा वेळी आमच्याच एका जाणत्या साथीनं विचारलं: तुम्ही प्लॉटभर झाडं लावली, ती वाढली, उद्या वरून उपग्रहानं चित्र काढलं तर ते काय म्हणतील? हिरवं दिसतंय, म्हणजे जंगल आहे, शेती नाहीच. आपल्याच हातानं आपल्याच विरुद्ध पुरावा उभा करायचा का? ही भीती खोटी नाही. काही पाड्यांवर कसत्या जमिनीत रोपवनाचे खड्डे पडलेले आपण पाहिले आहेत. झाड हे आपल्याकडे सरळ झाड राहिलेलं नाही. कुणी लावलं यावर ते कुणाचं हत्यार होईल ते ठरतं.

आम्ही यावर बराच वाद घातला. आमचं मत असं झालं.

पहिली गोष्ट, नवीन झाडानं जुना ताबा सिद्ध होत नाही. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. आज लावलेलं कलम त्या तारखेच्या आधीचं होऊ शकत नाही, आणि कुणी तुम्हाला "झाडं लाव, पट्टा मिळेल" असं सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतो आहे. पण जुनी झाडं, आजोबांनी लावलेला रायवळ आंबा, बांधावरचा फणस, त्यांना पुरावा म्हणून पुढे करा. नियम १३ मध्ये जमिनीवर केलेल्या कायमच्या सुधारणा, सपाटीकरण, बांध, बंधारे आणि तशा इतर खुणा हा पुरावा सांगितलेला आहे, दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब सांगितलेला आहे, आणि एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे असंही सांगितलेलं आहे. उपग्रहाचं चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून चालतं, त्यांची जागा घेऊ शकत नाही, ही दुरुस्ती २०१२ सालच्या नियमांत आहे. हे वाक्य पाठ करा.

दुसरी गोष्ट, ओळीत लावा. जंगल ओळीत उगवत नाही. वीस-पंचवीस फुटांवर दोरी धरून लावलेला आंबा, मधल्या पट्ट्यात नागली-उडीद, आणि प्रत्येक झाडाच्या वरच्या अंगाला पुरलेलं मडकं, हे पाहून शेती नाही असं म्हणायला फार निबर डोळा पाहिजे. लावल्यावर वनहक्क समितीला बोलवा, पंचनामा करून घ्या, झाडांची संख्या ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या. मोबाइलवर फोटो काढताना घरातली माणसं फोटोत उभी करा.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्लॉट उन्हाळाभर रिकामा राहतो तेव्हाच त्याच्यावर डोळा पडतो. डिसेंबर ते मे आपण दुसऱ्याच्या बागेला पाणी घालत असतो. दुसऱ्याच्या द्राक्षाला ठिबकच्या नळ्या जोडतो, वेली बांधतो, आणि आपलं कलम तिकडे डोंगरावर वाळत असतं. त्यातच कुणी येऊन पाहतो आणि कागदावर लिहितो, जागेवर लागवड आढळली नाही. कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हुसकता येत नाही. पण कलम जागेवर पहारा देत नाही. ज्या घरात वीस मडकी पुरलेली आहेत त्या घरातलं एक तरी माणूस चार दिवसांनी प्लॉटात जातं. कूड मोडलंय का बघतं, नवीन खूण पडलीय का बघतं. म्हणून ज्या घरातून चार माणसं जगायला जातात त्यांनी एकाला मागे ठेवता येईल का हे यंदा बसून बघावं. मजुरी बुडते, उचल फेडायची असते, आम्हाला माहीत आहे. आमच्या दोन घरांना ते जमलं नाही. त्यांच्या झाडांना शेजाऱ्यानं पाणी घातलं आणि त्या बदल्यात यांनी आवणीला दोन दिवस दिले. अशीही वाट निघते.

कुणी म्हणेल, ठिबक का नको? बोरगाव-घोडांबे बाजूला स्ट्रॉबेरीला ठिबक आहेच की. असू द्या, चांगलं आहे. पण ठिबकच्या अनुदानाला २०१९ साली सातबारा लागायचा, आठ-अ लागायचा, पाण्याची सोय लागायची, विजेचं कनेक्शन लागायचं. ज्याचा दावा पडून आहे त्याच्याकडे यातलं काय आहे? तो सातबारा मागायलाच तर आपण मुंबईला चालत गेलो. मडक्याला उतारा लागत नाही. आणि आम्ही काही मडक्याला ठिबकची बरोबरी देत नाही. मडक्यावर गहू होणार नाही, कांदा होणार नाही. दोन-तीन उन्हाळे कलम जगवणं आणि घरामागे भाजी, एवढंच त्याचं काम. आंब्यानं एकदा मूळ खाली नेलं की त्याला आपली गरज कमी. पाण्याची मागणी, बंधाऱ्याची मागणी, पाड्यावर नळ यायची मागणी ही सोडायची नाही. मडकी पुरली म्हणजे पाणी मिळालं असा फोटो कुणाला काढू देऊ नका.

एक भांडण अजून मिटलेलं नाही. यंदा वैशाखात झिरा इतका खाली गेला की माणसांनाच पुरेना. तेव्हा झाडांचं पाणी बंद करायचं का? एका पाड्यानं बंद केलं. दुसऱ्या पाड्यानं ठरवलं की रात्रीचं साचलेलं पाणी माणसांचं आणि दुपारी जे थोडं येतं ते झाडांचं. आमच्या पाड्यावर अजून रोज वाद होतो, आणि आमच्या मते माणूस आधी, पण गुरांच्या पाण्यात वाटा काढता येईल. यावर इतर पाड्यांनी काय केलं ते लिहून पाठवा, पुढच्या अंकात छापू.

मृग लागायला महिना उरला आहे. खड्डे या आठवड्यात खणा, ऊन खाऊ द्या. बाजारात कुंभार बसतो त्याला आम्ही साठ मडकी सांगून ठेवली आहेत, रंग न लावता, भिंत फार जाड न करता. आगाऊ पैसे द्यायला लागतील म्हणून पाच घरांनी मिळून पैसे जमवले. ज्यांना हवी त्यांनी पुढच्या बाजाराच्या आधी पाड्यावरच्या कार्यकर्त्याकडे नाव द्या. नाव घरातल्या दोघांचं लिहा. आणि कोण पाणी आणणार तेही त्याच ओळीत लिहा, काकी वही तपासणार आहे.